चमक खाणारा चष्मा

१

ज्या दिवशी सुकराम डोळ्यांवर गॉगल चढवून गावात उतरला, त्या दिवशी लोकांनी हसायला काही बाकी ठेवलं नाही. खाली धोतर, खांद्यावर दुपट्टा, पायांत रबरी चपला, आणि वर हा जाड काळ्या काडीचा थाट. पानठेल्यावर बसलेल्या भैयाजीनं तोंडाशी नेलेला विडा तसाच धरून ठेवला आणि विचारलं, "काऊन सुकराम, तुजं लगन लागून राह्यलं का?"

सुकरामही हसला. बासष्टाव्या वर्षी माणसाला एवढी चेष्टा सहज पचते, आणि त्या दिवशी तर त्याला सगळंच गोड लागत होतं.

उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दिसायला लागलं खरं, पण चमक सोसेना. स्टीलचा गडवा, मोटरसायकलचा आरसा, ओला रस्ता, काहीही चमकलं की डोळ्यांत सुई गेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या कोणाचं त्यानं फारसं अडलं नसतं. सुकरामचं अडलं, कारण तो गावचा पाणकर होता. त्याच्याच खापरपणज्यांनी मातीच्या बांधाची पाळ घालून बांधलेल्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, किती सोडायचं, हे पाणकर ठरवतो, आणि तो ते पाण्याकडं बघून ठरवतो. ज्याला पाण्याकडं बघवत नाही तो कसला पाणकर, असं लोक त्याच्या पाठीमागं बोलायला लागले होते. त्यांचं काही चुकतही नव्हतं.

गॉगल त्याच्या मुलीनं दिला. राखी नागपुरात मोठ्या दुकानात कामाला होती. फ्रेम कुठल्याशा नावाजलेल्या विदेशी कंपनीची, काडीवर नखाएवढी सोनेरी खूण. राखीनं सांगितलं की हा आकार साठ वर्षांत कोणी बदललेला नाही, बदलायची गरजच पडली नाही. हे मात्र सुकरामला पटलं, तलावाची पाळही तशीच होती. काचा नंबरच्या हव्यात म्हणून ती बापाला गोंदियात इंद्रकुमारच्या दुकानात घेऊन गेली. इंद्रकुमारनं डॉक्टरचा कागद पाहिला, बुबुळांमधलं अंतर मोजलं आणि म्हणाला, "दादाजी, सादा काला काँच सिर्फ अंधेरा करता है। ये वाला चमक खा जाता है। पानी पे जो परछाईं पड़ती है ना, वो भी खा जाएगा। सीधा तला देखोगे।"

सुकरामला वाटलं, दुकानदार आहे, बोलणारच.

२

पण इंद्रकुमार खोटं बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, जेव्हा तलावाकडं बघणं म्हणजे त्याला शिक्षाच असायची, तेव्हा तो पाळीवर उभा राहिला आणि चष्मा लावला. पाण्यावरचा सगळा पांढरा जाळ एकदम विझला. आभाळ गेलं, पलीकडच्या झाडांच्या उलट्या सावल्या गेल्या, आणि खाली तलावाचं पोट उघडं पडलं. शेवाळ डुलत होतं. मासे संथपणे वळत होते. तुडुमाचे दगड दिसत होते. तुडुम म्हणजे तलावातलं पाणी पाटात सोडायची वाट, तिला एकाखाली एक भोकं आणि भोकांत ठोकलेले लाकडी खुंटे. सुकराम चाळीस वर्षं ते खुंटे हातांनी चाचपत आला होता. आज पहिल्यांदा त्यानं ते पाळीवरून मोजले. पाच होते आणि पाचही जागच्या जागी होते.

त्याला इतका आनंद झाला की तो तिथंच बसला. बराच वेळ तो पाण्यात नुसता बघत राहिला. आपल्या पायांखाली जिथं आपलं प्रतिबिंब असायला हवं तिथंही तळाचे दगडच दिसतात, याची त्याला मौज वाटली.

मग त्याचं लक्ष उजवीकडं गेलं. दहाएक हातांवर, काठाच्या पाण्यात, एका बाईचं प्रतिबिंब होतं. पाळीवर पाठमोरं उभं असलेलं, गावाकडं तोंड केलेलं. कोणी धुणं घेऊन आलं असेल असं समजून त्यानं मान वळवली. पाळीवर कोणी नव्हतं. मोहाचं झाड होतं आणि त्याखाली एक बकरी होती.

त्यानं पुन्हा पाण्यात पाहिलं. झाड पाण्यात नव्हतं. बकरी नव्हती. काचेनं सगळ्यांना खाल्लं होतं, फक्त त्या बाईला तेवढं ठेवलं होतं.

३

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. सुशीलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली न ठेवताच विचारलं, "दिसाले कशी होती?"

"पाठमोरी होती."

"मंग बरं आहे. तोंड पाह्यलं असतं तं घरी कायले आले असते तुमी."

तो हसला, आणि हसल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. सुशीलाबाईच्या बोलण्यात हा गुण होता. संसाराच्या एक्केचाळीस वर्षांत किती अवघड गोष्टी तिनं अशा सुपातून पाखडून बाहेर टाकल्या होत्या, याचा हिशोब नव्हता.

पण दुसऱ्या दिवशीही बाई होती. तिसऱ्या दिवशीही. सुकराम काही भोळा नव्हता. त्यानं एकेक करून सगळं तपासलं. चष्मा काढला की डोळ्यांत सुया घुसत, पाण्यात आभाळ दिसे, तो स्वतः दिसे, बाई नसे. चष्मा लावून मान खांद्याकडं कलती केली की काच आपलं काम सोडते, हे त्याला समजलं होतं. तशी मान कलती केली की आभाळ हळूहळू परत येई, झाड येई, त्याचा स्वतःचा दुपट्टा येई, आणि बाई विरत जाई. मान सरळ केली की ते सगळे जात आणि ती येई. एका जागी दोघांना उभं राहता येऊ नये, तसं काहीतरी ते होतं.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्याला भीती वाटलीच नाही. दुपारी जेवून पडल्यावर डोळा लागता लागता तलाव डोळ्यांसमोर यायचा, तो हिरवा उजेड, ते डुलतं शेवाळ, आणि बाजूला गप्प उभी असलेली कोणीतरी. सोबत असल्यासारखं वाटायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की बाईची पाठ आता पूर्ण दिसत नाही. तिचा एक खांदा पाण्याकडं आला होता. ती वळत होती, रोज थोडी थोडी.

४

मग तो कोहमाऱ्याच्या फाट्यावर जाऊन बसमध्ये बसला आणि गोंदियाला इंद्रकुमारकडं गेला.

इंद्रकुमारनं त्याचं म्हणणं मान हलवत ऐकून घेतलं. बाई म्हणाला नाही सुकराम, नुसतं "कोनीतरी" म्हणाला. इंद्रकुमारनं चष्मा यंत्राखाली धरला, नंबर बरोबर निघाला. अक्ष बरोबर, बैठक बरोबर.

"पीछे से रोशनी आती है, दादाजी। आपके पीछे जो खड़ा है वो काँच के अंदर की तरफ चमकता है। आपको लगता है सामने पानी में है। बहुत लोगों को होता है।"

"पाठीमागं कोनी नसते ना पर."

"देखा था मुड़ के?"

"पाह्यलं."

"जब आप मुड़ते हो तो काँच भी मुड़ जाता है।" इंद्रकुमार समजुतीनं हसला. त्यानं काचा पुसून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

उत्तर चांगलं होतं. बसमध्ये सुकरामनं ते दोन-तीनदा मनात घोळवलं. चष्म्यातून बसच्या खिडकीच्या काचेवर निळे-जांभळे डाग दिसत होते, ते इतरांना दिसत नव्हते. म्हणजे काच काही तरी जास्तीचं दाखवते, एवढंच. पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. जी आपल्या पाठीमागं उभी आहे ती आपल्याबरोबर वळते, असा त्याचा अर्थ निघत होता, आणि इंद्रकुमारनं तो सहज बोलून टाकला होता.

५

ती कोण हे त्याला तलावावर कळलं नाही. घरी कळलं.

सकाळी सुशीलाबाई अंगणात कोंबड्यांना कणी टाकत होती. तो दारात आला तेव्हा ती पाठमोरी होती. तिचा उजवा गुडघा तीन-चार वर्षांपासून धरलेला, म्हणून सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच किंचित उचललेली, कमरेवर मूठ उलटी टेकवलेली. सुकराम दाराची चौकट धरून तसाच उभा राहिला. हीच पाठ तो दहा दिवस पाण्यात बघत होता. आपल्या घरातलं माणूस उलटं दिसलं म्हणून आपण ओळखलं नाही, याची त्याला आधी लाज वाटली आणि मग भीती.

"काऊन जी, चहा पाह्यजे का?" तिनं मागं न बघता विचारलं.

त्या दिवसापासून त्यानं तिला तलावाकडं फिरकू द्यायचं नाही असं ठरवलं. ठरवणं सोपं होतं, पण हस्त कोरडा गेला होता. उशिरा पिकणारा भारी धान गर्भात आला होता आणि बांध्यांमधल्या, म्हणजे धानाच्या खाचरांमधल्या, मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. तुडुम उघडायची वेळ झाली होती. आणि वर्षात पहिल्यांदा तुडुम उघडायचा तर पाणकरानं जोडीनं पाळीवर जायचं, बायकोनं त्याच्या ओंजळीत हळदीचे तांदूळ घालायचे, त्यानं ते पाण्यात सोडायचे आणि मग उतरायचं. दुसऱ्या कोणी त्या वेळी पाळीवर पाय ठेवायचा नाही. हे त्याच्या घराण्यात पहिल्यापासून चालत आलं होतं आणि यात सूट नव्हती.

सुकरामनं चार दिवस टाळलं. आज पाणी बसू द्या, उद्या वारा पडू द्या, अशी कारणं दिली. पाचव्या दिवशी भैयाजी घरी आला. तो पाणी-कमिटीचा म्होरक्या, पण त्या दिवशी तो चेष्टा करायला आला नव्हता.

"धान सुकून राह्यला, सुकराम. तुले होत नसन तं सांग. दुसरा पाहू."

"उद्या सोडतो आमी," सुशीलाबाई आतून म्हणाली.

भैयाजी गेल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली. "काय झालं तुमाले? मले सांगा."

"तू नोको येऊ तलावावर."

"जोडीशिवाय तुडुम उघडते का कधी?"

"मी एकटा जातो."

"कायले?"

त्याला सांगता आलं असतं. पाण्यातली बाई तूच आहेस, ती वळून राहिली आहे, आणि ती पुरी वळल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. पण बोललं की ते खरं होईल असं त्याला वाटलं. त्याला पाणकरी नको होती, गावाचा मान नको होता. त्याला समोर बसलेली ही बाई हवी होती, दुखऱ्या गुडघ्यासकट आणि तिखट जिभेसकट, आणि हे त्यानं तिला एक्केचाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. आताही त्याच्यानं सांगवलं नाही.

"गुडगा दुकते तुजा," तो म्हणाला.

"दुकू द्या," ती म्हणाली.

६

त्यानं एक तोड काढली. पाळीच्या बाहेरच्या उतारावर, मोहाच्या झाडाच्या गावाकडच्या अंगाला तिनं उभं राहायचं. तिथून पाणी दिसत नाही, आणि जिथून पाणी दिसत नाही तिथल्या माणसाचं प्रतिबिंब पाण्यात पडत नाही. तांदूळ तिथंच ओंजळीत घ्यायचे, पाण्यात त्यानं एकट्यानं सोडायचे. सुशीलाबाईनं त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तसं पाहिलं, पण ऐकलं.

अकरा वाजले होते. गाव खाली पाटाच्या तोंडाशी थांबलं होतं. वारा नव्हता. तिनं तांदूळ घातले, तिच्या बोटांची हळद त्याच्या तळहाताला लागली. मग त्यानं तांदूळ एका मुठीत धरले, आणि पाण्यात उतरणारा कोणीही माणूस जे करतो तेच केलं. विडीचं बंडल, मोबाईल, दुपट्टा आणि डोळ्यांवरचा चष्मा, सगळं काढून बायकोच्या हातात दिलं. तिचे पाय कुठं असावेत याचाच त्यानं चार दिवस विचार केला होता. हातात काय असावं, याचा केला नव्हता.

काठाशी जाऊन त्यानं तांदूळ पाण्यात सोडले आणि उतरला. पाणी वरून कढत आणि खाली गार होतं. चमकेनं डोळे उघडवत नव्हते, म्हणून त्यानं ते मिटूनच घेतले आणि जन्मभर केलं तसं हातांनी चाचपत गेला. पहिला खुंटा निघाला. दुसरा निघाला. तिसरा फुगून बसला होता. त्यानं श्वास भरला, बुडी मारली, दोन्ही पाय दगडाला लावले आणि ओढला. कानांत पाण्याची गाज होती. तिला ना सुरुवात होती ना शेवट, आणि तिच्यात त्याला क्षणभर असं वाटलं की आपण घरी दुपारचे निजलो आहोत आणि बाहेर सुशीला कोणाशी तरी बोलते आहे. कोणाशी ते ऐकू येत नव्हतं. दुसरा आवाजही तिचाच होता.

खुंटा सुटला. तुडुमानं पाणी ओढून घेतलं आणि तो धापा टाकत वर आला.

पाळीच्या माथ्यावर, अगदी काठाशी, कोणीतरी उभं होतं. बिनचष्म्याच्या डोळ्यांना नुसता एक आकार दिसत होता, आणि चेहऱ्याच्या जागी दोन काळे ठिपके.

"मागं हो," तो ओरडला. "सुशीला, मागं हो."

आकार हलला नाही. तो पाण्याकडं वाकून बघत होता.

दगड धरत, घसरत तो वर चढला तेव्हा ती चष्मा काढून पदरानं पुसत होती. "बहुत वेळ लागला तुमाले," ती म्हणाली. "म्हून आली पाहाले."

"काय दिसलं?"

"सारं साफ दिसते याच्यातून."

तो त्याच्या नंबरचा चष्मा होता. तिला त्यातून धूसर दिसायला हवं होतं. सुकरामच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"कोनी बाई होती?"

"होती ना."

"मंग?"

"वळून पाह्यलं तिनं माह्याकडे." तिनं चष्मा त्याच्या हातात ठेवला. "मंग काई नाई. चला, धानाले पानी लागलं."

आणि ती पाळीवरून उतरली. भराभर, कुठंही हात न टेकता, दोन्ही पायांवर सारखा भार देत.

७

खालून लोकांचा गलका येत होता. पाटाला पाणी आलं होतं. भैयाजीनं लांबूनच हात उंचावला, आणि सुकरामनंही उंचावला. आता त्याची पाणकरी कोणी काढणार नव्हतं.

सुशीलाबाई पुढं चालत होती आणि बोलत होती. राखीला फोन करायचा, शेजारणीकडून वांगी आणायची, कोंबडी खुडूक बसली आहे. सगळं तिचंच बोलणं होतं, तिच्याच आवाजातलं. सुकरामनं स्वतःला समजावलं की माणूस घाबरलं की दुखणं विसरतं, गुडघा घरी गेल्यावर दुखेल, मग आपण तेल लावून देऊ. त्याला ते तेल लावायची इतकी घाई झाली की त्याचे डोळे भरून आले.

गावाच्या अलीकडं पाटावर छोटी पुलिया आहे. तिथं काडीकचरा अडून पाणी तुंबलं होतं आणि निपचित उभं होतं. सुशीलाबाई पुलियावर जाऊन त्याच्यासाठी थांबली. तो मागं काठावर होता, चष्मा हातातच होता. चमक डोळ्यांत टोचत असतानाही त्यानं खाली पाहिलं.

पाण्यात आभाळ होतं. काठावरचं पळसाचं झाड होतं. पुलिया होती, तिचा निघालेला गिलावाही दिसत होता. डोळे बारीक करून उभा असलेला, ओला, म्हातारा सुकराम होता. पुलियावर कोणी नव्हतं.

बिनचष्म्याचं धूसर दिसत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. तो दोन पावलं पुढं गेला. आता पळसाची पानंही दिसायला लागली.

"काय पाहून राह्यले, जी?" वरून तिनं विचारलं.

त्यानं मान वर केली. ती उभी होती. कपाळावर घाम होता, बोटांना हळद होती, कानामागं पांढरी बट सुटली होती. तिला सोडून घरी जायचं, असं त्याच्या मनात आलंच नाही. कोणाला सोडून जायचं, आणि कोणाला शोधायला जायचं, आणि तलावाच्या त्या हिरव्या उजेडात आता जी कोणी एकटी असेल तिला बाहेर काढायचं कसं, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

"काई नाई," तो म्हणाला. "चमक लागते."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मग पुन्हा एकदा खाली पाहिलं. पाण्यात आता आभाळ नव्हतं, पळस नव्हता, तोही नव्हता. कोणीच नव्हतं, आणि या काचेतून तसंच दिसायला हवं होतं. खाली फक्त चिखल होता.

सुशीलाबाईनं त्याला आधार द्यायला हात पुढं केला. त्यानं तो धरला, आणि दोघांनी पुलिया ओलांडली.